मिटलेल्या डोळ्याची बाजू

फोटो काढताना मी डावा डोळा मिटत असे. बहुतेक सगळेच मिटतात. उजवा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असतो, डाव्याला काही काम नसतं, म्हणून त्याला सुट्टी. याचा तोटा एवढाच, की आपल्या डाव्या हाताला कोण येऊन उभं राहिलंय ते दिसत नाही. हे मला ताईने दाखवून दिलं. मी खिडकीतल्या कबुतराचा फोटो काढण्यात गुंग होते आणि डोळा उघडेपर्यंत शेजारच्या बशीतली माझी सगळी बिस्किटं तिने फस्त केली होती.

घरातून लग्नाच्या फोटोंचा धंदा सुरू करायचा, हे खूळही तिचंच. मी हॉस्पिटलात एक्सरे काढायचे आणि ती कापडाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची. गिऱ्हाइकाला नको असलेलं कापड त्याच्या गळ्यात मारावं तर ताईने, आणि वर त्याच्याकडून आभारही घ्यावेत. माझं उलट. माझ्यापुढे माणूस एकटा येतो, त्याला काहीतरी दुखत असतं, त्यामुळे तो फार बोलत नाही. हाड मोडलंय की नाही एवढाच प्रश्न. मला तेवढंच झेपायचं. चार माणसं एकदम समोर आली की माझी बोबडी वळायची.

"तू बघ, मी बोलते," ताई म्हणाली. "अजून काय लागतं धंद्याला?"

"एकीला बोलता येतं, एकीला बघता येतं," आई आतून म्हणाली. "दोघी मिळून एक धड बाई होते."

आमचं घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे, तिच्यासाठीच ती खोली निवडली. सोफा मागच्या खोलीत गेला, आणि तेव्हापासून आईला कपाट उघडायचं तर सोफ्यावर गुडघे टेकून उघडावं लागे. खिडकीला पांढरा पडदा लावला, भिंतीवरून राखाडी कागदाचा पट्टा खाली जमिनीपर्यंत सोडला, त्याच्यापुढे एक गोल स्टूल. दारावरची पाटी ताईने रंगवली. ती डावखुरी. लिहिता लिहिता ओल्या रंगावरून तिचं मनगट फिरलं आणि 'लग्नाचे' या शब्दाला एक शेपटी आली. ती आम्ही तशीच ठेवली.

सरावासाठी आम्ही शेजारपाजारचे लोक धरून आणायचो. मी कॅमेरा घेऊन उभी, आणि ताई माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. ती काय करायची ते मला कधी दिसलं नाही, कारण त्या बाजूचा डोळा मिटलेला. फक्त ऐकू यायचं. "इकडे बघा हो, माझ्याकडे! तिच्याकडे काय बघता, ती एक डोळा मिटून बसलीये, नेम धरल्यासारखी." स्टुलावरचा माणूस खुदकन हसायचा आणि मी शटर दाबायचे. फोटो सुरेख यायचे. फक्त एका फोटोतही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसायचा. सगळे जरा डावीकडे, ताईकडे.

"अगं, लेन्सकडे बघायला सांग त्यांना," मी वैतागून म्हणायचे.

"मी आहेच सुंदर, त्याला मी काय करू?"

कधीकधी गंमत म्हणून ती कॅमेरा घ्यायची. डाव्या डोळ्याला लावायची, उजवा मिटायची. तिचं नाक मागच्या काचेवर उजवीकडे टेकायचं आणि तिथे तेलकट ठसा उरायचा. माझा डावीकडे उमटायचा. मी दोन्ही पुसत बसायचे.

ताईचा फोटो काढायचा म्हटलं की ती म्हणायची, "आधी गिऱ्हाईक, मग घरचे." त्या दिवसांतले ढीगभर फोटो माझ्याकडे आहेत आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी ताईकडे बघतंय. ताई मात्र एकातही नाही.

मग ताई गेली. साधा ताप म्हणून झोपली होती. तिच्या छातीचा एक्सरे मीच काढला. "श्वास घे. रोख," मी म्हटलं, आणि तिने गाल फुगवून डोळे असे काही बटबटीत केले, की मला काचेमागे हसू आवरेना. त्या वर्षातला ताईचा माझ्याकडे असलेला एकुलता एक फोटो म्हणजे तो एक्सरे. त्यात चेहरा नाही.

आमची पहिली ऑर्डर तिने आधीच घेऊन ठेवली होती. हॉस्पिटलातल्याच एका नर्सचं लग्न होतं. मी नाही म्हणून सांगायला निघाले तर आईने दार अडवलं.

"तिने शब्द दिलाय," आई म्हणाली. "जा."

मी गेले. हॉल छोटा होता, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, छताला पंखे. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे मिळून पायऱ्यांवर उभे राहिले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॅमेरा वर केला. डावा डोळा मिटला. आता काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी जे येत होतं तेच बोलले.

"श्वास घ्या. रोखा."

आणि सगळ्यांनी खरंच रोखला. आजोबांसकट. मी घाबरून शटर दाबलं, "सोडा," म्हटलं, आणि पायऱ्यांवर हशा पिकला. दिवसभर मग ते मला "श्वासवाल्या मॅडम" म्हणत होते.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा माझं धाबं दणाणलं. एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. सगळे जरा डावीकडे. मी कारणं शोधली, ती सापडतातच. डावीकडे दार असेल. कुणी पाहुणा मोबाइल घेऊन उभा असेल. पण मन मानेना, कारण चेहऱ्यांवर जे होतं ते मोबाइलकडे बघून येत नाही. फार दिवसांनी स्टेशनवर कुणाला उतरवून घ्यायला जावं आणि गर्दीत ते माणूस दिसावं, तेव्हा चेहरा जसा उघडतो, तसे ते सगळे चेहरे उघडले होते.

फोटो द्यायला गेले तेव्हा मी आधीच माफी मागितली. नर्स ऐकतच नव्हती. ती तिच्या वडिलांच्या फोटोवरून बोट फिरवत होती.

"बाबा असे बघतात?" ती म्हणाली. "कुणाकडे बघत होते गं? मला कधी असे बघितलेले आठवत नाहीत."

"तूच विचार ना त्यांना."

"विचारलं. म्हणाले, कॅमेऱ्याकडे."

त्या फोटोंनी आमचं नाव झालं. तिच्या मैत्रिणीचं लग्न आलं, मग तिच्या दिराचं, मग ओळख नसलेल्यांची. सगळ्यांना तेच हवं असायचं. "ते तुमच्या फोटोत माणसं बघतात ना, तसं." मी मान डोलवायचे. कसं ते मलाच ठाऊक नव्हतं.

अल्बम छापून देणारा माणूस फार न बोलणारा. त्याच्या दुकानात मशीनची घरघर आणि गोंदाचा वास. एकदा पानं लावता लावता तो थांबला.

"राग मानू नका, पण हे सगळे इकडे का बघतात? तुमच्या बाजूला कोण उभं असतं?"

"कुणी नाही. मी एकटीच जाते."

त्याने दुसरं पान काढलं, तिसरं काढलं, माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही डोळे उघडे ठेवून काढत जा," तो म्हणाला आणि मशीनकडे वळला.

मी एक्सरेवाली बाई. कोन, अंतर, सावली हीच माझी भाषा. पुढचं लग्न कचेरीतलं होतं, सह्या करून व्हायचं. खोली चिंचोळी. मी मुद्दाम डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, अशी, की माझा डावा खांदा भिंतीला घासत होता. तिथे माणूस सोडा, पुठ्ठाही मावला नसता. नवराबायको, त्यांचे साक्षीदार, एक मावशी, सगळे हसून बघत राहिले. मी शटर दाबत गेले आणि मधूनच मिटलेला डोळा उघडला. भिंत होती. पोपडे आलेला निळा रंग.

घरी फोटो पाहिले. ते सगळे भिंतीकडे बघत होते. तसंच, उघडलेल्या चेहऱ्याने.

मी कागद घेतला आणि प्रत्येकाच्या नजरेची रेघ ओढली. मावशी डाव्या टोकाला होती, साक्षीदार उजव्या टोकाला. रेघा एकाच ठिकाणी मिळाल्या, माझ्यापासून हातभर डावीकडे आणि माझ्या डोळ्यांपेक्षा चार बोटं वर. ताई माझ्याहून चार बोटं उंच होती.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे कळत होतं. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि ते रडणं बरंचसं रागाचं होतं. ज्यांनी तिला आयुष्यात पाहिलं नाही त्यांना ती दिसत होती, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मी तिची बहीण, आणि मला ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या डोळ्यांवरून ताडावं लागत होतं, की आज ती आली होती.

अल्बमवाल्याचा सल्ला मी मनावर घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवायचा सराव केला, आरशासमोर, खिडकीसमोर. पुढच्या लग्नात डावा डोळा ताणून उघडा ठेवला. कडेला पडदा दिसला, खुर्च्यांची रांग दिसली. फोटोंत सगळी माणसं नीट कॅमेऱ्यात बघत होती, ओळखपत्रावर बघतात तशी. त्या लग्नातल्या मुलीने फोटो परत केले नाहीत, पण दुसऱ्यांदा उघडलेही नसावेत.

डोळा उघडला की ती नसायची. मी पुन्हा डोळा मिटला. ती नसण्यापेक्षा नुसती न दिसणं परवडलं.

तेव्हापासून मी शहाण्या माणसासारखं वागणं सोडलं. शटर दाबताना डावीकडे पुटपुटायला लागले. "बघितलंस का नवऱ्या मुलाचे बूट?" "हात दुखला गं, धर जरा." एकदा माझ्या डाव्या बाजूच्या खिडकीत बिस्किटांची बशी ठेवली आणि डोळा मिटून बराच वेळ कबुतराचे फोटो काढत राहिले. उघडला तर बिस्किटं जशीच्या तशी होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. ताई गेल्यापासून आई पुढच्या खोलीत यायचीच नाही. चहा आणायची तो उंबरठ्यावर ठेवून जायची. "आई, तुझा एक फोटो काढू दे," मी म्हणायचे. माझा हिशेब सरळ होता. बाकीच्यांना आपण कुणाकडे बघतोय ते कळत नव्हतं, पण आईला कळलं असतं. तिने मला सांगितलं असतं, ताई कशी दिसते, काय घातलंय, बरी आहे का.

"पुढे बघू," आई म्हणायची.

दरम्यान रेघा सरकत होत्या. मी प्रत्येक लग्नानंतर त्या ओढत होते. हातभर अंतर होतं ते वीतभर झालं. मग माझ्या खांद्यावर आलं. मला आनंद होत होता, लपवण्यात अर्थ नाही. ताई जवळ येत होती. शटर दाबताना डाव्या कानाशी कापडाच्या दुकानाचा वास यायचा, नव्या ताग्याचा, कांजीचा. मी डोळा घट्ट मिटून घ्यायचे.

मग एका लग्नानंतर नवरी माझा हात धरून म्हणाली, "किती हसवलंत हो तुम्ही! माझ्या सासऱ्यांना कुणी हसवू शकत नाही."

"मी?"

"ते नेम धरायचं म्हणालात ना, काका अजून हसतायत."

मी त्या दिवशी तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं.

फोटो घेऊन अल्बमवाल्याकडे गेले. त्याने पानं उलटली आणि पहिल्यांदाच हसला. "आता बरोबर. सगळे थेट कॅमेऱ्यात बघतायत, आणि चेहरे पण तसेच. शिकलात तुम्ही."

मी डोकं वाकवून पाहिलं. खरंच, सगळे थेट कॅमेऱ्यात बघत होते. तसेच, उघडलेल्या चेहऱ्याने. पण कोनावरून कळत होतं, की कॅमेराच माझ्या डोळ्यांपेक्षा चार बोटं वर होता.

घरी येऊन मी कॅमेरा पुसायला घेतला. मागच्या काचेवर नाकाचा तेलकट ठसा होता. उजव्या बाजूला.

त्यानंतर डावी बाजू रिकामी झाली. वास नाही, कुणी असल्याची ऊब नाही. मी पुटपुटायचे आणि ते हवेत विरून जायचं. इतके दिवस जी हातभर अंतरावर होती ती आता कुठे गेली, या विचाराने मला पोरकं वाटायला लागलं. तिला गमावण्याची ही दुसरी खेप होती आणि पहिल्या खेपेला निदान घरात माणसं आली होती.

मग एका सकाळी आईच उंबरठा ओलांडून आली. केस विंचरलेले, ठेवणीतली साडी. पडद्यातून मऊ उजेड आला होता. ती स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले.

"काढ," ती म्हणाली. "बघू तरी, लोक एवढं काय कौतुक करतात."

मी कॅमेरा उचलला.

"आई, इकडे बघ."

आईने वर पाहिलं, थेट कॅमेऱ्यात.

तिचा चेहरा उघडला. ताई गेल्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता. ओठ हलले, डोळे भरले, आणि सुरकुत्यांतून एक हसू हळूहळू वर आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्याकडे बघून आई तशी कधी हसत नाही. माझ्याकडे बघून ती जेवलीस का विचारते.

"आलीस?" आई म्हणाली.

मी श्वास रोखला.

मग आईची नजर हलली. कॅमेऱ्यावरून सरकली, उजवीकडे गेली, हातभर, आणि थोडी खाली उतरली. तिथे थांबली.

"आणि धाकटे," आई म्हणाली, "तू अशी कडेला का उभी?"

माझ्या हातांत कॅमेरा नव्हता.

मी उभी होते तिथून खिडकी दिसत होती, पडदा दिसत होता, स्टुलावरची आई दिसत होती. आणि अगदी जवळ, माझ्या डाव्या हाताला, ताई दिसत होती. तिचे केस, तिचा कान, कानामागचा तीळ. किती दिवस मला तेवढंच हवं होतं. तिने कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला होता आणि नाक काचेवर दाबलं होतं. माझ्या बाजूचा, उजवा डोळा तिने मिटला होता.

"ताई," मी म्हटलं.

तिने शटर दाबलं.

धंदा चांगला चाललाय. सोफा अजून मागच्याच खोलीत आहे. लग्नांत हशा पिकतो, ऑर्डरी नाकाराव्या लागतात. आई आता रोज पुढच्या खोलीत येऊन बसते. चहाचे दोन कप आणते, आणि कधीकधी चुकून तिसरा. तो तसाच गार होतो.

अल्बमवाला मात्र पुन्हा कुरकुर करायला लागलाय. म्हणतो, माणसं परत कॅमेऱ्यात बघेनाशी झाली. सगळी जरा उजवीकडे बघतात, आणि थोडी खाली. तो ताईला म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेवून काढत जा.

ताईला अजून ते जमत नाही.